नऊ मुलींची बाजू

साठ प्रती काढल्या होत्या. दोन्ही अंगांनी छापलेला एक कागद, मध्ये एक घडी. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या सार्वजनिक वाचनालयातल्या खालच्या मजल्यावरच्या खोलीत, मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, मी ती पत्रकं दारात उभी राहून स्वतःच्या हाताने वाटली. लोक एका हातात चिवड्याची प्लेट आणि दुसऱ्या हातात माझं पत्रक घेऊन वाचत होते. मी भिंतीला टेकून कोण कुठल्या ओळीला हसतंय ते बघत होते. आता त्या पत्रकाची जी लाज वाटते ती सांगायची तर इथूनच सुरुवात करायला हवी. मी बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मी पत्रकांवर वाढले. इचलकरंजीत आमचा एका खोलीचा छापखाना होता. वडील यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत असायचे आणि उरलेल्या वेळात पायाने ट्रेडल हे छपाईयंत्र चालवायचे. आई खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायची. पोटासाठी लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायची. पत्रकं मात्र आपली म्हणून. मजुरीवाढीची, बुवाबाजीविरुद्धची, नळाला आठ दिवस पाणी नाही याची. आई पत्रकाचा मजकूर कागदावर लिहायचीच नाही. शिशाचा एकेक खिळा उचलत ती वाक्य तयार करायची आणि शब्द जास्त झाले की चिमट्याने उपटून काढायची. गोष्टींच्या पुस्तकांआधी मी तेच वाचलं. सहा वर्षांची असताना मला खिळ्यांमधली उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचता यायची. पाहुणे आले की वडील मला जुळवलेल्या मजकुरासमोर उभं करायचे आणि मी घडाघडा वाचून दाखवायची. पाहुणे म्हणायचे, पोरगी हुशार आहे. मी ते खरं मानलं.

घरात काही शब्दांना बंदी होती. त्यातला एक 'स्फूर्ती'. शाळेच्या निबंधात मी लिहिलं होतं की कवीला स्फूर्ती येते. आईने वही बाजूला ठेवून विचारलं, "कुठून येते? एस्टीने?" मग समजावून सांगितलं की काम करणाऱ्याचं श्रेय काढून घ्यायचं आणि ते आकाशातल्या कुणाच्या तरी नावावर टाकायचं, याला स्फूर्ती म्हणतात. मला ते तेव्हा पटलं. अजूनही बरंचसं पटतं. माझी लाज त्या विचाराची नाही.

ॲन आर्बरला मी शिकायला आले आणि विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आठवड्याचे काही तास काम मिळालं. जुनी छापचित्रं ठेवलेल्या खोलीत. कुणी आधी वेळ घेऊन आलं की पेटी काढायची, चित्र लाकडी टेकणीवर उभं करायचं, त्यांच्याकडचं पेन काढून घेऊन पेन्सिल द्यायची आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सोडून बाकी सगळं मला जमत होतं.

त्या पेट्यांमध्ये ग्रीक पुराणांची चित्रं फार. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघा खोदायच्या, त्यात शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची आणि ओला कागद ठेवून दाबायचा. मग रेघांमधली शाई कागदावर येते. अशा एका कोरीव चित्रावर माझा जीव जडला. डोंगराच्या उतारावर डावीकडे नऊ कलादेवी बसल्या आहेत. काव्य, संगीत, नाच, सगळ्या कलांची स्फूर्ती देणाऱ्या त्या ह्याच. उजवीकडे एका राजाच्या नऊ मुली. कथा अशी की त्या मुलींनी कलादेवींना आव्हान दिलं: आम्हीही गातो, तुमच्यापेक्षा चांगलं गातो, होऊन जाऊ द्या. आणि त्या गायल्या ते देवांची फजिती. राक्षसांना घाबरून देव कसे पळाले, कुणी मेंढा झालं, कुणी मांजर, कुणी मासा होऊन लपलं. निवाडा देवींच्या बाजूने लागला. गर्विष्ठपणाची शिक्षा म्हणून मुलींचे पक्षी झाले, कावळ्याच्या जातीचे, काळे-पांढरे, सतत कलकलाट करणारे. चित्रात तो क्षण कोरलेला होता. एकीच्या दंडावर पिसं फुटली आहेत आणि ती अजून बोलतेच आहे.

मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही आमचीच माणसं. देवांच्या फजितीचं गाणं म्हणजे दुसरं काय, पत्रकच. दुपारची सुट्टी झाली की मी ती पेटी स्वतःसाठी उघडायचे.

काकू त्याच चित्रासाठी यायच्या.

त्या निवृत्त भूलतज्ज्ञ. चाळीसेक वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथे आलेल्या. "आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता जरा जागी राहते," असं म्हणायच्या. गावातल्या एका कार्यशाळेत त्या तांब्यावर कोरायला शिकल्या होत्या आणि घराच्या तळघरात चाकाने फिरवायचं छोटं छपाईयंत्र बसवून घेतलं होतं. माझ्या चित्राची, मी ते माझंच समजत होते, त्या प्रत करत होत्या. दर गुरुवारी भिंग आणि पेन्सिल घेऊन दोन तास बसायच्या. जाताना मला पिशवीतून डबा द्यायच्या. बस चुकली तर गाडीने घरी सोडायच्या. त्या गावात मला काय खाल्लंस असं मराठीत विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

बसण्याआधी त्या चित्राला हात जोडायच्या. मला शेजारच्या टेबलावरच्या लोकांसमोर कानकोंडं व्हायचं.

"काकू, हे आपले देव नाहीत," मी एकदा म्हटलं.

"मी देवांना कुठे करतेय? ज्याने कोरलं त्याच्या हाताला करते."

हे उत्तर मी ऐकलं होतं. पत्रक लिहिताना मी ते विसरले, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. ते मला सोयीचं नव्हतं.

एका गुरुवारी त्या खुशीत आल्या. तळघरात तीन दिवस चित्रातली एक ओढणी जमत नव्हती, चुण्या कडक यायच्या, कापड वाटायचंच नाही. "आणि काल आली ती. माझ्या हातून सरळ रेघ निघत नव्हती, मग तिने काढली."

"कोण ती?"

"जी कोण असेल ती. मी नाव नाही विचारलं. दारात आलेल्या पाहुण्याला आधी आत घ्यावं."

"तुम्ही काढलीत ती रेघ. दोन वर्षं हात बसवलात म्हणून निघाली. ती-बिती कुणी नाही."

"बरं बाई. मी काढली," त्या म्हणाल्या आणि भिंग पुसायला लागल्या. वाद जिंकल्याचा मला आनंद झाला.

दिवाळीच्या आधी त्यांचं चित्र पुरं झालं. वाचनालयाच्या काचेच्या पेटीत ते महिनाभर ठेवायचं मंडळाने ठरवलं. काकूंचं काही चारचौघांत मांडलं जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या मला म्हणाल्या, "शेजारी कार्ड लावायचंय. तू लिही चार ओळी. मला लिहिता येत नाही, आणि तुला ते चित्र आवडतं."

मी बघायला त्यांच्या घरी गेले. चौकट जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. पहिल्यांदा काय दिसलं ते मला पक्कं आठवतं, कारण दुसरं काही मी पाहिलंच नाही. देवी उजवीकडे होत्या आणि मुली डावीकडे.

बाजू बदलल्या होत्या. खाली कोपऱ्यात मूळ कोरणाऱ्याचं नाव होतं तेही गाळलं होतं. माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. आपल्याकडे मान उजव्याचा. कौल उजवा मिळाला तर होकार. प्रसाद उजव्या हातात. भेदभाव करणं याला आपण म्हणतोच डावं-उजवं करणं. मूळ कोरणाऱ्याने मुलींना उजवी बाजू दिली होती, आणि या हात जोडणाऱ्या बाईंनी ती काढून देवींना दिली. वर कामगाराचं नावही पुसलं.

"कशी झालीय?" काकूंनी विचारलं.

"लिहिते मी," मी म्हटलं. देवी अशा बसवल्या त्या का, हा एक प्रश्न मी विचारला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. आमच्या घरच्या शिकवणीत प्रश्न विचारण्याचं फार महत्त्व होतं. पण प्रश्न कायम वर बसलेल्यांनाच विचारायचा असतो असं मी समजले. टेबलापलीकडच्या माणसालाही विचारायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही.

रविवारी दुपारी कॉफीच्या दुकानात बसून मी लिहिलं. चार ओळी नाही, दोन पानं. मथळा: 'उजवं कोणाला, डावं कोणाला?' थांबावं लागलंच नाही. वाक्यं एकापाठोपाठ येत होती, जणू कुणी शेजारी बसून सांगतंय आणि मी नुसती उतरवून घेतेय. मुली हरल्यावर काय करतात तेवढं मी गाळलं. हरल्यावर त्या देवींना शिव्या देत सुटतात, आणि पिसं फुटतात ती तेव्हा. ते घातलं असतं तर माझी बाजू लंगडी पडली असती. काकूंचं नाव कुठे नव्हतं, पण त्या खोलीत प्रत्येकाला कळणार होतं. आणि शेवटाकडे एक वाक्य आलं ते मी तीनदा वाचलं, इतकं ते मला आवडलं: 'नक्कल करणाऱ्या हाताला स्फूर्ती लागत नाही आणि प्रतिभाही लागत नाही, फक्त वेळ लागतो, आणि निवृत्त माणसाकडे तो भरपूर असतो.'

नागपूरची माझी रूममेट वाचून म्हणाली, "काय सोललंयस यार. पण ह्या त्या डबेवाल्या काकूच ना?"

"प्रश्न व्यक्तीचा नाहीये," मी म्हटलं.

कार्यक्रमात चित्र खोलीच्या टोकाला टेबलावर ठेवलं होतं, आणि मी दारात. म्हणजे चित्रापर्यंत जो पोचला तो पत्रक वाचून पोचला. लोक चित्रासमोर जाऊन बोट दाखवत, "हां, या बघ उजवीकडे," असं म्हणत होते. एक गृहस्थ मला म्हणाले, "लेखणी आहे हं तुझ्याकडे." काकूंनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. घडीवर घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "साबुदाण्याचे वडे संपतायत. आधी घे."

मंगळवारी वाचनालयात गेले तर काचेची पेटी रिकामी होती. मंडळाच्या चिटणीस बाईंचा मेसेज आला: काकूंनी कॅन्सल केलं, कारण सांगितलं नाही. मी तो मेसेज वाचला आणि मला काय वाटलं ते इथे लिहायलाच हवं. मला वाटलं, लागलं. पत्रकाने काम केलं. मी इचलकरंजीला फोन लावून आईला सगळं सांगितलं, ते वाक्यही वाचून दाखवलं.

आई हसली नाही. "त्या बाई कुणाच्या मालक आहेत?" तिने विचारलं.

"कुणाच्या नाही. पण विचार तर..."

"कोण राबतं त्यांच्या हाताखाली?"

"कुणी नाही गं."

"मग पत्रक कुणाविरुद्ध होतं?" ती म्हणाली आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. मला वाटलं, आई म्हातारी झाली.

काकू गुरुवारी आल्या नाहीत. पुढच्याही नाही. त्यांचा एक स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला होता. तो परत करायला म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी बसने त्यांच्या घरी गेले. हे असं लिहिलं की मी माफी मागायला गेले असं वाटेल. तसं नव्हतं. मला चर्चा करायची होती.

दार काकांनी उघडलं. निवृत्त इंजिनियर, एरवी विनोद करणारा माणूस.

"या, संपादक," ते म्हणाले. "आज काय वाटायला आणलंत?"

"डबा द्यायला आले, काका."

"रिकामा आहे की त्यातही एक पत्रक आहे?"

आतून काकू म्हणाल्या, "अहो, येऊ द्या तिला आत. बाहेर बर्फ आहे."

काका बाजूला झाले, पण बोलायचे थांबले नाहीत. "तीन आठवडे झाले, खाली गेली नाही ती. कोरण्या तशाच पडल्यात. रोज टीव्हीवर घरं विकत घेणाऱ्या लोकांचा कार्यक्रम बघते. मला तो बघवत नाही, म्हणून सांगतो."

काकूंनी चहा ठेवला. मी बोलायला सुरुवात केली: माझा मुद्दा वैयक्तिक नव्हता, बाजू बदलणं ही एक राजकीय कृती असते, नकळतही होते. त्यांनी मला बरंच बोलू दिलं. मग विचारलं, "तुमच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापायचे ना?"

"हो."

"मग वर गणपती असेल. त्याचा ब्लॉक होता?"

"होता."

"त्या ब्लॉकवर त्याची सोंड कुठल्या बाजूला होती?"

मला तो ठोकळा डोळ्यांसमोर दिसला.

उजवीकडे. आमच्या खणातल्या जस्ताच्या ठोकळ्यावरचा गणपती उजव्या सोंडेचा होता आणि पत्रिकेवर तो डाव्या सोंडेचा उमटायचा. लहानपणी एका गिऱ्हाइकाला मी ठसक्यात सांगितलं होतं की आमच्याकडे उजव्या सोंडेचा आहे, आणि तो माणूस दचकून उठला होता, कारण उजव्या सोंडेचा म्हणजे कडक, लग्नपत्रिकेवर नको. आईने हसत हसत त्याला ठोकळ्यावर शाई लावून कागदावर दाबून दाखवलं होतं. ठोकळा उलटा, छाप सुलटी. जे मला मुळाक्षरांच्या आधी कळलं होतं ते हेच.

काकूंनी मला तळघरात नेलं. यंत्रावर चादर टाकलेली होती. फडक्यातून त्यांनी तांब्याचा पत्रा काढला आणि दिव्याखाली धरला. त्यावर देवी डावीकडे, मुली उजवीकडे. मूळ चित्रात होत्या अगदी तशा. त्यांनी जसं पाहिलं तसं कोरलं होतं, आणि कागदावर दाबल्यावर बाजू आपोआप बदलल्या होत्या. कुणी कुणाला उजवं केलं नव्हतं की डावं.

"उलटं कोरायचं तर आरशात बघून कोरावं लागतं," त्या म्हणाल्या. "कार्यशाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, पहिली मोठी प्रत आहे, सरळ कोर, उमटेल तशी उमटेल. जुने लोकही असंच करायचे. मी तर म्हणते, ज्याने आपलं ते मूळ चित्र कोरलं त्यानेही कुठल्या तरी रंगवलेल्या चित्रावरून घेतलं असेल. त्याचंही उलटं झालं असेल. मग तुझ्या पोरी मुळात कुठल्या बाजूला होत्या?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही."

"आणि नाव? त्याचं नाव का गाळलंत?"

"दुसऱ्याची सही माझ्या हाताने कशी करू? मी डॉक्टर आहे बाई, ते तर गुन्ह्यात धरतात."

त्या जरा हसल्या. मला हसता आलं नाही. मी म्हटलं, "काकू, मी दुरुस्तीचं पत्रक काढते. साठ प्रती, तेच लोक, तशीच छपाई. चूक माझी होती असं स्पष्ट लिहिते."

"काढ की," जिन्याच्या वरून काका म्हणाले. ते ऐकत होते. "मी वाटतो दारात उभा राहून."

"नको," काकू म्हणाल्या. "डाव्या-उजव्याचं मला काही वाटलं नाही. चूक ती चूक, तुझ्या लक्षात आली नसती तर दुसऱ्या कुणाच्या आली असती. चित्र मी त्यासाठी नाही काढून नेलं."

"मग?"

पत्रा फडक्यात गुंडाळत त्यांनी ते वाक्य म्हणून दाखवलं. नक्कल करणाऱ्या हाताला स्फूर्ती लागत नाही, तिथपासून निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो, तिथपर्यंत. एक शब्द चुकला नाही.

"हे बरोबर असेल तर?" त्या म्हणाल्या. "मी विचार केला. दुसऱ्याचं चित्र, दुसऱ्याची रेघ. माझं त्यात काय, वेळच. मला वाटत होतं काहीतरी येतं अधूनमधून, तेही कदाचित माझ्या मनाचंच. तू शिकलेली, त्याच पेट्यांजवळ बसणारी. तू म्हणालीस म्हणजे काहीतरी पाहूनच म्हणाली असशील."

मी काहीच पाहिलं नव्हतं. हे मी त्यांना सांगितलं. म्हटलं, तुमची रेघ मी पाहिलीच नाही काकू, ती ओढणीसुद्धा नाही, मी फक्त कोण कुठे बसलंय ते पाहिलं आणि निघाले.

"मग ते वाक्य कुठून आलं?"

"आलं आपोआप."

"आपोआप," त्या म्हणाल्या. मला टोमणा मारायची तिथे केवढी मोठी जागा होती, आणि त्यांनी ती सोडून दिली. मी रिकाम्या हाताने घरी गेले. दुसरा डबा त्यांनी दिला नाही, आणि मीही अपेक्षा केली नव्हती असं म्हणणं खोटं होईल.

चूक कबूल करणं त्यामानाने सोपं. चूक तपासता येते, पत्रा दिव्याखाली धरला की संपली. ते वाक्य तपासता येत नव्हतं. ते खरं नव्हतं आणि खोटंही सिद्ध करता येत नव्हतं. नुसतं सुबक होतं. आईने खिळ्यांमधून चिमट्याने असे किती शब्द उपटून काढलेले मी बघितले होते. मी समजले होते की ती जागा वाचवायला काढते.

संक्रांतीच्या कार्यक्रमात मी चिटणीस बाईंकडे दोन मिनिटं मागून घेतली. कागद न घेता बोलले: दिवाळीत मी वाटलेल्या पत्रकातला मुद्दा चुकीचा होता, छापचित्रात बाजू उलट्या होतातच, काकूंनी काही बदललं नव्हतं, आणि त्यांच्या हाताबद्दल जे लिहिलं ते मी चित्र न बघता लिहिलं. आवाज बारीक आला. पत्रक वाचून दाखवायची मला सवय होती, हे दुसरंच काहीतरी होतं. मुलं खुर्च्यांखालून पळत होती. पुढच्या रांगेतल्या एका बाई शेजारणीला विचारत होत्या, "कसलं पत्रक?"

नंतर लेखणीचं कौतुक करणारे तेच गृहस्थ माझ्याकडे आले. "अगं सोड, त्यात काय एवढं. विषय कुणाला आठवतोय? पण ते निवृत्त माणसाचं वाक्य झकास होतं हं. मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं. सगळे रिटायर्ड, खूप हसले."

काकू त्यांच्या मागेच तिळगुळाचा डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गृहस्थांच्या तळहातावर दोन वड्या ठेवल्या, माझ्या तळहातावर एक, आणि पुढच्या माणसाकडे गेल्या.

म्हणजे माझा सगळा युक्तिवाद लोक विसरले होते आणि तेवढं एक वाक्य उरलं होतं. ते आता कुणाकुणाच्या फोनवर आहे मला माहीत नाही. परत घ्यायचं तर कुणाकडून घेऊ?

विद्यापीठाच्या मार्चमधल्या वसंताच्या सुट्टीनंतर मी काकांना फोन केला. काकू खाली जातात का, असं विचारलं.

"जाते," काका म्हणाले. "गेल्या महिन्यापासून. दार लावून घेते."

"काय करतात?"

"मी विचारत नाही. तूही विचारू नकोस."

गुरुवारी त्या संग्रहालयात पुन्हा येतील असं मला बराच काळ वाटत राहिलं. आल्या नाहीत. ते चित्र दुसऱ्या कुणासाठी काढावं लागलं तर मी टेकणीवर उभं करते आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसते. दंडावर पिसं फुटलेली ती मुलगी बोलतच असते. ती काय बोलतेय याची पूर्वी मला खात्री होती.

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी काकूंना घरी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "लिही. माझं नाव नको, यांचंही नको. आणि एक कर. चित्र फार चांगलं होतं असं शेवटी लिहू नकोस. तुला तेव्हा दिसलं नव्हतं. आता आठवून सांगू नकोस."

मी म्हटलं, मग एकदा दाखवा. आता नीट बघते.

त्या म्हणाल्या, "अजून नाही."